जुनी पुस्तके निर्लेखित करून अभ्यासिका काढावी का? तालुक्याच्या ग्रंथालयापुढचा प्रश्न

तालुका_कार्यवाह

आमच्या तालुक्याच्या गावी स्वातंत्र्यपूर्व काळात लोकवर्गणीतून उभे राहिलेले सार्वजनिक ग्रंथालय आहे. शासनाच्या वर्गवारीत 'ब' वर्ग, दुमजली इमारत, एक ग्रंथपाल, एक लिपिक आणि एक शिपाई असा सगळा संसार. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार असून त्याबद्दल या चर्चापीठावरील जाणकारांचे मत मला हवे आहे. वरच्या मजल्यावरील १९७० पूर्वीची पुस्तके निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदीतून कमी करून संग्रहातून कायमची काढावीत, आणि त्या जागेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका सुरू करावी, असा तो ठराव आहे.

ठराव मांडणारे सदस्य पुस्तकांचे वैरी नाहीत, हे आधीच सांगतो. त्यांच्या मते ती पुस्तके कोणी घरी नेत नाही, त्यांतले 'सगळे आता नेटवर आहे', आणि अभ्यासिकेच्या मासिक शुल्कातून छपराची दुरुस्ती तरी होईल. यातील पहिले विधान देवघेव नोंदीवरून खरे दिसते आणि तिसरे हिशेबाने बरोबर आहे. दुसऱ्याबद्दल मला शंका आहे, परंतु सभेत नुसती शंका चालत नाही. विरोधकांची बाजू तर याहूनही लंगडी आहे, कारण ते कागदाचा वास, पान उलटण्याचा आनंद आणि पूर्वजांचे ऋण यापलीकडे जात नाहीत. तळमजल्यावर आजही दिवाळी अंकांची योजना जाहीर झाली की वर्गणीदारांची रांग लागते, म्हणजे छापील वाचन संपले असे आमच्या गावात तरी म्हणता येणार नाही. प्रश्न वरच्या मजल्याचा आहे. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे?

दाखल_नोंदवही

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पुस्तके बाद करणे हा ग्रंथपालाच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील शेवटचे सूत्र, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे सभासमारंभात सर्वांना तोंडपाठ असते, परंतु वाढणाऱ्या संस्थेला छाटणीही करावी लागते याचा उल्लेख सहसा होत नाही. आपल्याकडे ती होत नाही याचे एक कारण आपल्या नियमांतच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालील नियमांनुसार ग्रंथालयाचा वर्ग ठरतो, वर्गावर अनुदान ठरते आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते. त्यामुळे कालबाह्य आयकर मार्गदर्शिका, जुने संगणक-परिचय आणि एकाच कादंबरीच्या पाच-पाच प्रती यांना कपाटात मानाचे स्थान मिळते, कारण त्या संख्येत भर घालतात. उलट पुठ्ठा निखळलेले, पाने सुटलेले, कसर लागलेले पुस्तक तपासणीच्या वेळी वाईट दिसते म्हणून प्रथम बाद होते. आपण बाद करतो ते फाटके आणि ठेवतो ते निरुपयोगी, असा हा उलटा कारभार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

आता कसोटीबद्दल. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील तारीखपट्टी ही ललित साहित्याच्या चालू संग्रहासाठी योग्य कसोटी आहे. पाच-सात वर्षांत एकही शिक्का नसलेली, अन्यत्र सहज मिळणारी कादंबरी काढली तर कोणाचे काही बिघडत नाही. जुन्या संग्रहाला मात्र ही पट्टी लावू नये. तेथे विचारायचा प्रश्न एवढाच, की हे पुस्तक येथून गेले तर ते आणखी कोठे आहे? रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. पुण्या-मुंबईत छापलेले, त्या काळी नावाजलेले पुस्तक यांपैकी कोठे ना कोठे असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या गावातल्या छापखान्यात निघालेली पन्नास पानी पुस्तिका तेथे असण्याची शक्यता फारच थोडी.

म्हणून वरच्या मजल्यावर जाल तेव्हा कादंबऱ्यांच्या कपाटापेक्षा 'संकीर्ण' लिहिलेले कपाट आधी उघडा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, सहकारी पतपेढीचे ताळेबंद, ग्रामदैवताच्या जत्रेची माहितीपुस्तके, एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, स्थानिक साप्ताहिकाचे बांधीव खंड, हे सर्व तेथे असते आणि त्यावर बहुधा वर्गीकरण क्रमांकही घातलेला नसतो. माझ्या हाताखालून गेलेल्या अशाच एका साप्ताहिकाच्या खंडात नळपट्टीच्या थकबाकीदारांची यादी होती, रॉकेलच्या दुकानांची जाहिरात होती आणि एका विहिरीवर कोणी पाणी भरायचे यावरून झालेल्या सभेचा अर्धा रकाना वृत्तांत होता. त्या गावाचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला तो अर्धा रकाना दुसरीकडे मिळणार नाही.

जुळारी

'सगळे आता नेटवर आहे' या वाक्यावर माझा आक्षेप आहे. अक्षरजुळणीच्या व्यवसायात मी खिळ्यांच्या, म्हणजे हाताने जुळवायच्या शिशाच्या अक्षरांच्या, शेवटच्या दिवसांपासून आहे.

मराठीतील छापील मजकुराचे, माझ्या दृष्टीने, तीन थर आहेत. सर्वांत वरच्या थरात हल्लीची पुस्तके येतात. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके मिळू लागली, २०१७ च्या अखेरीस बोलती पुस्तके ऐकवणारे स्टोरीटेल आले आणि मराठी श्रोत्यांची संख्या पाहून प्रकाशकही थक्क झाले. सर्वांत खालच्या थरात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ स्कॅन होऊन कोठे ना कोठे पडलेली आहेत. राज्य मराठी विकास संस्था, साहित्य संस्कृती मंडळ आणि विकिस्रोत हे स्वयंसेवकांचे खुले ऑनलाइन ग्रंथालय यांनी या बाबतीत चांगले काम केले आहे. मधला थर, साधारण १९५० ते २००० या काळातला, सर्वांत अडचणीत आहे. हक्क शिल्लक आहेत, पण प्रकाशन संस्था बंद पडली आहे. वारस सापडत नाहीत. पुनर्मुद्रणाला गिऱ्हाईक नाही. तुमच्या ठरावातली १९७० ची रेघ नेमकी या थराच्या मधून जाते.

नव्वदच्या दशकानंतरची पुस्तके संगणकावर जुळवली गेली, म्हणजे ती तरी सुरक्षित असतील असे वाटते. तसे नाही. त्या फायली श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत केलेल्या आहेत. त्यांत 'क' च्या जागी संगणकाच्या लेखी भलतेच रोमन चिन्ह बसलेले असते, आणि युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत आणताना रफार, अर्धा र आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात, म्हणून सगळे पुस्तक पुन्हा तपासावे लागते. त्यातून पुष्कळ फायली ज्या सीडीवर ठेवल्या होत्या त्या आता वाचता येत नाहीत. मी स्वतः जुळवलेल्या कितीतरी पुस्तकांची फाइल नाहीशी झालेली आहे आणि छापील प्रत मात्र एखाद्या वाचनालयात धडधाकट उभी आहे.

एक कटू गोष्टही लिहून ठेवतो. राज्यातील अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये हा मराठी प्रकाशन व्यवसायाचा मोठा आधार आहे, आणि तेथेच तो बिघडलेलाही आहे. अनुदानाचा हप्ता मार्चच्या तोंडावर आला की यादीवर बोट ठेवून घाईने खरेदी होते. भरमसाट छापील किंमत आणि तितकीच भरमसाट सवलत या गणितावर, वाचकाचा विचारही न करता, केवळ ग्रंथालयांसाठी काढलेली पुस्तके मी जुळवली आहेत. वरच्या मजल्यावरचे खाली आणायला जागा हवी असेल, तर ही पुस्तके आधी मोजा.

राज्यसेवा_पूर्व

मी तुमच्या अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी होऊ शकतो, म्हणून लिहितो. येथे अभ्यासिका म्हणजे जणू ग्रंथालयावर आलेले संकट, अशा सुरात चर्चा चालली आहे. आमच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, दूरदर्शन संच रात्री अकरापर्यंत चालू असतो आणि पुण्याला जाऊन खासगी अभ्यासिकेत खुर्ची घेण्याची ऐपत नाही. रात्री दहापर्यंत उजेड, पंखा, स्वच्छ शौचालय आणि शांतता देणारी जागा तालुक्याच्या गावात दुसरी कोणती आहे? मुलींसाठी तर हा प्रश्न आणखी बिकट आहे. जुनी पुस्तके ठेवावीत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या मजल्यावर वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही तो कुलूपबंद ठेवून आम्हाला समाजमंदिराच्या ओट्यावर बसवू नये.

तालुका_कार्यवाह

आपण लिहिले ते योग्यच आहे. मुलींसाठी वेगळी वेळ आणि वेगळे प्रवेशद्वार हा मुद्दा ठरावात नव्हता, तो मी घालून घेतो.

प्रत_पडताळणी

विकिस्रोतावर मी काही वर्षे काम करतो, त्यामुळे कायदा आणि प्रत्यक्ष काम या दोन्हींविषयी लिहितो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० चे, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. या हिशेबाने १९६४ किंवा त्यापूर्वी निधन पावलेल्या लेखकांची, त्यांच्या हयातीत छापली गेलेली पुस्तके तुम्ही स्कॅन करून जगासमोर ठेवू शकता. राहिलेल्या पुस्तकांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीचा उपयोग होतो, कारण नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्याकडे छापील प्रत असेल तर, जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. ती प्रत संकेतस्थळावर टाकता येत नाही, पण जपून ठेवता येते. येथे एक बारीक कळीची गोष्ट आहे. ही मुभा तुमच्याकडे छापील प्रत असण्यावर अवलंबून आहे. स्कॅन करून पुस्तक रद्दीत घातले, तर तुम्ही ज्या जमिनीवर उभे आहात तीच काढून घेतलीत.

कामाविषयी सांगायचे तर महागडे यंत्र लागत नाही. पुस्तक १०० ते १२० अंशांपर्यंतच उघडेल असा इंग्रजी 'व्ही' आकाराचा लाकडी पाळणा सुतार करून देतो, त्यावर काच, दोन बाजूंनी दिवे आणि वर चांगला कॅमेरा, एवढ्यात भागते. सपाट स्कॅनरवर दाबून धरलेले जुने पुस्तक पाठीतून तुटते, म्हणून ते टाळावे. त्यानंतर यंत्राकडून अक्षरओळख करून घेतली की खरे काम सुरू होते. खिळ्यांच्या जुन्या छपाईत शाई पसरलेली असते, आणि घ-ध, भ-म, ष-प या जोड्यांत यंत्र हमखास गोंधळते. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात 'कसें', 'तेथें', 'घरांतून' असे अनुस्वार असतात, त्यामुळे आजच्या लेखनाने शोध घेतला तर समोर असलेला मजकूरही सापडत नाही. स्कॅन झाले म्हणजे पुस्तक नेटवर आले, अशी जी समजूत आहे तिच्यात आणि वाचकाला ते सापडण्यात माणसाच्या डोळ्यांनी करायचे महिनोन्महिन्यांचे काम आहे.

भारतीय अंकीय ग्रंथालय (डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया) प्रकल्पाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. त्या सरकारी प्रकल्पात असंख्य भारतीय पुस्तके स्कॅन झाली, परंतु मराठी नावे रोमन लिपीत मन मानेल तशी नोंदवली गेली, काही पुस्तकांची पाने गळाली, काहींवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा उमटला. पुढे ते संकेतस्थळच बंद झाले, आणि कोणा हौशी लोकांनी प्रती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर चढवून ठेवल्या होत्या म्हणून आज ते सारे मिळते.

अटलांटिकपार

मी परदेशात राहतो आणि माझे जवळजवळ सारे मराठी वाचन पडद्यावरच होते, तेव्हा मी डिजिटलच्या विरोधात बोलणे कृतघ्नपणाचे ठरेल. तरी एक गोष्ट नोंदवतो. येथील सार्वजनिक ग्रंथालये ई-पुस्तके विकत घेत नाहीत, परवाना घेतात. २०११ मध्ये हार्पर कॉलिन्सने तर एका परवान्यावर २६ वेळाच पुस्तक देता येईल, त्यानंतर पुन्हा पैसे भरावे लागतील, अशी अट घातली होती. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तके हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. आपल्याकडच्या ग्रंथालयांना उद्या ई-पुस्तकांच्या योजना दाखवल्या जातील तेव्हा सदस्यांनी एवढे विचारावे, की वर्गणी थांबल्यावर हाती काय राहील?

मांडवीकाठ

गोव्यातून एक भर घालतो. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे. आता ते सोळाव्या शतकातील गोमंतकीय लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे जुनी वृत्तपत्रे आणि दुर्मीळ ग्रंथ यांचे डिजिटायझेशन झाले आणि मूळ कागदही जपून ठेवलेला आहे. स्कॅन वाचकासाठी आणि कागद पडताळणीसाठी अशी ही विभागणी मला योग्य वाटते. पैशाचे म्हणाल तर गोव्याच्या १९९३ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद आहे, आणि तो विदेशी मद्य व बिअर यांवर बसवलेला आहे. आमच्याकडे वाचकांपेक्षा पिणाऱ्यांनी ग्रंथालयांची अधिक सेवा केली, असे गमतीने म्हणतात. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकरच नाही, सारा भार अनुदानावर आहे. २०२२ च्या अखेरीस अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली हे खरे, पण ती होण्यापूर्वी दहा वर्षे आकडा जागचा हलला नव्हता. अशा अवस्थेत ग्रंथालयाने खोल्या भाड्याने द्याव्यात की नाही, यावर नीतीचे धडे देणे सोपे आहे.

व्यवहारी

मला सर्वांचेच म्हणणे जरा भाबडे वाटते. गळके छप्पर, तिघांचा तुटपुंजा पगार आणि वाळवी यांच्याशी झगडणाऱ्या ग्रंथालयाने अभिलेखागार व्हावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर? दुर्मीळ असेल ते मोठ्या संस्थेकडे सुपूर्द करावे आणि मोकळे व्हावे. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तके भिजली. कागद जपण्याची एवढी हौस असेल, तर त्याला कोरडी जागा द्यायला हवी, आणि ती तालुक्याच्या गावात नसते.

दाखल_नोंदवही

व्यवहारी यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते बाजूला सारता येणार नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्याव्यात. मोठ्या संस्थांकडे जागा नाही; देणगीदाखल आलेली पुस्तके पोत्यांतच राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना पोती नको असतात, यादी हवी असते. लेखक, शीर्षक, प्रकाशक, छापखाना, साल आणि पृष्ठे एवढी माहिती असलेली यादी पाठवली, तर त्यांच्याकडे नसलेली पुस्तके ते आनंदाने घेतात. दुसरी गोष्ट पुराचीच. पूर एका गावाला येतो, एकाच वेळी सगळ्या गावांना येत नाही. पुस्तक एकाच ठिकाणी गोळा केले की तेथील पाणी, आग किंवा वाळवी हाच त्याचा शेवट ठरतो. चार तालुक्यांत चार प्रती असणे हा गरिबाघरचा विमा आहे.

सर्व पुस्तकांचा कागदही सारखा नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती आणि तेव्हाची, तसेच नंतरच्या काही वर्षांतली स्वस्त छपाई लाकडाच्या लगद्याच्या आम्लयुक्त कागदावर आहे. पान दुमडले की काड मोडावी तसा तुकडा हातात येतो. त्याच कपाटातील १८८० चे पुस्तक पुष्कळदा त्यापेक्षा सुस्थितीत असते. तेव्हा स्कॅनिंगचा क्रम वयाप्रमाणे न लावता कागदाप्रमाणे लावावा.

तालुका_कार्यवाह

येथील चर्चेनंतर ठरावाचा मसुदा मी असा बदलला आहे. '१९७० पूर्वीची पुस्तके' हे शब्द गाळले. त्याऐवजी तळमजल्यावरील जादा प्रती, कालबाह्य मार्गदर्शिका आणि एकदाही देवघेव न झालेली मार्चची खरेदी यांची प्रथम छाननी होईल, आणि त्यातून रिकाम्या होणाऱ्या कपाटांत वरच्या मजल्यावरील निवडक संग्रह येईल. वरचा मोठा दालनभाग अभ्यासिकेला मिळेल. मागची खोली, जिच्या भिंतीला ओल नाही, ती स्थानिक संग्रहासाठी कुलूपबंद राहील. अभ्यासिकेच्या शुल्कातील ठरावीक वाटा छपरासाठी आणि राहिलेला पाळणा, दिवे व कॅमेरा यांसाठी ठेवावा, असे सुचवले आहे. ग्रंथसंख्या घटून वर्ग खाली येण्याची भीती काही सदस्यांनी बोलून दाखवली, त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचारले आहे.

यादीचे काम मात्र अडले आहे. ग्रंथपालबाईंना देवघेवीतून सवड नाही, आणि दाखल नोंदवहीचे, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदले जाते त्या वहीचे, जुने खंड मोडी वळणाच्या हस्ताक्षरात आहेत.

राज्यसेवा_पूर्व

नोंदवहीची छायाचित्रे काढून दिली तर आम्ही पाच-सहा जण रोज एक तास टंकन करू शकतो. मोडी वाचता येत नाही, पण आमच्यातील एकाचे आजोबा तलाठी होते, ते वाचतात. बदल्यात पहिल्या वर्षी शुल्कात सवलत मिळावी.

दाखल_नोंदवही

सवलत द्या. मोडीचे खंड आजोबांकडे न्यावे लागले, तर मूळ खंड नेऊ नका, छायाचित्रेच न्या. आणि टंकन करताना रकाने आपल्या सोयीने बदलू नका. नोंदवहीत 'किंमत' आणि 'कोणाकडून मिळाले' हे रकाने असतील. ते निरर्थक वाटले तरी भरा, कारण कोणत्या घरातून कोणता संग्रह आला ते तेथेच कळते. नोंदवहीच्या पानाचा क्रमांकही प्रत्येक ओळीपुढे घाला, म्हणजे शंका आली तर मूळ पान उघडता येईल.